नऊ नंबरचं घरटं दुपारी गप्प का व्हायचं?

सकाळी ते बोलायचं, संध्याकाळीही बोलायचं. पण दुपारचे बारा वाजून गेले, की वेसवडीच्या किनाऱ्यावरचं नऊ नंबरचं घरटं जे तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं, ते थेट चार वाजेपर्यंत. बाकीची अकरा घरटी त्याच उन्हात, त्याच वाळूत, त्याच कुंपणाच्या आत होती आणि ती न चुकता बोलत होती. मग या एकालाच काय धाड भरली होती?

घरटं बोलतं म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल की गोष्ट सांगणाऱ्यालाच ऊन लागलं. २०४१ सालचा एप्रिल महिना होता. वेसवडी हे कोकणच्या किनाऱ्यावरचं खारवी मच्छीमारांचं लहानसं गाव. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं तिथे थंडीत अंडी घालायला यायची. कोल्ह्याकुत्र्यांनी अंडी उकरू नयेत म्हणून गावकरी ती लगेच उचलून कुंपणाच्या आत, तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरून ठेवत. प्रत्येक घरट्याशेजारी एक बांबूची खुंटी असे, खुंटीवर काडेपेटीएवढी पांढरी डबी आणि डबीतून निघून वाळूत शिरलेली एक तार. हा होता संवेदक (ऊन, ओल, हालचाल असं काही टिपून कळवणारं उपकरण). गावात मात्र सगळे त्याला सेन्सरच म्हणत. वाळू किती तापली, हे तो दर दोन मिनिटांनी बिनतारी निरोपाने कळवायचा. निरोप जायचा साठेक पावलांवरच्या खोपटाच्या छपरावर. तिथे संग्राहक (सगळे निरोप गोळा करणारं यंत्र) बसवलेला होता.

आणि संग्राहकाचं ऐकून काम करायची झारी. झारी म्हणजे सहा पायांचा, पाठीवर पाण्याची टाकी घेतलेला यंत्रमानव. घरटं पस्तीस अंशांच्या वर गेलं, की झारी तुरुतुरु जाऊन त्याच्यावर मोजून पाणी शिंपडायची. मोजूनच. कारण वाळूत पिल्लं श्वास घेतात. जास्त पाणी झालं तर गुदमरतील. म्हणून आकडा मिळाल्याशिवाय शिंपडायचं नाही, असा नियमच तिच्या डोक्यात पक्का बसवला होता.

"नऊ नंबर. वाचन नाही. म्हणून पाणी नाही," झारी आपल्या गोड आवाजात म्हणायची. तो गोड आवाज ऐकला की शेवंतीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवंती सहावीत होती. गावात रीत अशी, की सहावीतल्या प्रत्येकाला एकेक घरटं वाटून द्यायचं. ज्याचं घरटं त्याने त्याची वही ठेवायची. नऊ नंबर शेवंतीचं होतं. त्यात एकशे तेरा अंडी होती आणि आज पन्नासावा दिवस होता. अंडी फुटायची वेळ झाली होती. कदाचित फुटलीही असतील. अंडं फोडून पिल्लू लगेच वर येत नाही. दोन-तीन दिवस सगळी मिळून वाळूतून हळूहळू वर सरकतात आणि पृष्ठभागाच्या जरा खाली, वाळू थंड होण्याची वाट बघत थांबतात. म्हणजे आत्ता, या क्षणी, वीतभर वाळूखाली पिल्लं असतील आणि वरून ऊन आग ओकत असेल, तर त्यांचं काय होत असेल? हा विचार आला की शेवंतीला घास गिळवत नव्हता.

तिला जमेल ते ती करत होती. मागच्या शुक्रवारी उन्हाचा कहर सुरू झाला, त्या दिवसापासून सकाळची शाळा सुटली की ती धावत किनाऱ्यावर यायची. तिची आई मासळी विकायची. पाटीतली मासळी असो, बर्फाची पेटी असो, नाहीतर होडीचं इंजिन असो, ऊन लागू द्यायचं नसेल तर त्यावर समुद्राच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट टाकायचं, ही सगळ्या खारवीवाड्याची पद्धत. शेवंतीही गोणपाट भिजवून सेन्सरच्या डबीवर घालायची. बिचारा तापून बंद पडायला नको. चार वाजता आईला पाटीवर घालायला गोणपाट लागायचं, तेव्हा ती ते घेऊन जायची. सेन्सर तरीही गप्प होतो म्हटल्यावर सोमवारपासून तिने दोन गोणपाटं घालायला सुरुवात केली होती.

"शहाणी गो माझी बाय," दामूकाकांनी ते बघून तिची पाठ थोपटली होती. दामूकाका म्हणजे तिच्या वडिलांचे मोठे भाऊ. कासवांच्या या कुंपणाची सगळी राखण त्यांच्याकडे होती.

मंगळवारी सकाळी, शाळा भरायच्या आधीच, वनखात्याच्या गावंड मॅडम आल्या. त्यांनी वही चाळली, दुपारच्या रिकाम्या चौकटी बघितल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"दामूकाका, चार दिवस झाले. दुपारचं तापमान काय आहे हे कुणालाच माहीत नाही. आता आंधळेपणाने दुसरी तार खुपसावी तर ती पिल्लांनाच टोचेल. मी अशी डोळे मिटून बसू शकत नाही."

"मग काय करायचं म्हणता?"

"उद्या दुपारपर्यंत आकडे आले तर ठीक. नाहीतर उद्या दुपारी घरटं उघडून बघायचं."

शेवंती पुढे झाली. "पण मॅडम, आत पिल्लं वर सरकत असतील. त्यांच्या पोटाला अजून बलक चिकटलेला असतो. उकरताना त्यांना लागलं तर?"

गावंड मॅडम काही कठोर बाई नव्हत्या. त्यांनी शेवंतीच्या खांद्यावर हात ठेवला. "लागू शकतं, म्हणूनच मला ते करायचं नाहीये. पण आत भाजून मरत असतील तर? दोन्हीकडून धोकाच आहे."

दामूकाकांनी सेन्सर बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या माणसाने सांगितलं, की बिनतारी निरोप तपासायचं खास यंत्र असतं, ते घेऊन तंत्रज्ञ येईल, पंधरा दिवसांनी. आणि स्वतःच यंत्र विकत घ्यायचं असेल तर त्याची किंमत अशी अशी. किंमत ऐकून काकांनी फोन कानापासून हातभर लांब धरला. तेवढ्यात गावात दोन होड्या आल्या असत्या.

आता गावात विचारण्यासारखा एकच माणूस उरला होता, दस्तगीरचाचा मुकादम. उभी हयात त्यांनी मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून काढली होती. आता जेट्टीजवळच्या खोलीत बसून ते मच्छीमारांचे वायरलेस दुरुस्त करत. शाळा सुटल्यावर शेवंती पोचली तेव्हा ते भिंगातून एका बारीक तारेकडे बघत होते. तिने एका श्वासात सगळं सांगितलं.

"बस आधी. पाणी पी," चाचा म्हणाले. "आता मला सांग, घरटं बोलत नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

"संग्राहकानेच. त्याच्याकडे निरोप येत नाही ना."

"म्हणजे त्याला ऐकू येत नाही. बोलणारा गप्प आहे, का ऐकणाऱ्याला ऐकू येत नाही? दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत, बेटा. आणि त्यातलं खरं कुठलं, हे कळायला तिसरा कान लागतो. मध्ये बसून नुसता ऐकणारा. इंजिनियर लोक त्याला स्निफर म्हणतात, मी कानोसा म्हणतो."

शेवंतीने लगेच खिशातून फोन काढला. "याच्यात ऐकू येईल?"

"नाही येणार. तुझा फोन आणि तो सेन्सर एकाच रस्त्यावरून जातात, म्हणजे दोघांच्या लहरी साधारण सारख्याच. पण भाषा वेगळी. फोनला मोठमोठी चित्रं धाडायची असतात, म्हणून तो भराभर आणि जोरात बोलतो. त्याला रोज जेवायला, म्हणजे चार्जिंगला लागतं. सेन्सरला एका छोट्या बॅटरीवर पाच वर्षं काढायची आहेत. तो दोन मिनिटं झोपतो, डोळा उघडतो, एका सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यात पुटपुटतो आणि पुन्हा झोपतो. त्याला म्हणतात अल्पशक्ती जाळं (कमीत कमी वीज वापरून निरोप देणाऱ्या उपकरणांचा समूह). त्याची भाषा फोनला कळतच नाही."

"मग कुणाला कळते?"

चाचांचे डोळे चमकले. "हा खरा प्रश्न! जो ती भाषा बोलतो, त्यालाच ती ऐकताही येते. कंपनीचं महागडं यंत्र दहा भाषा ऐकतं, म्हणून ते महाग. आपल्याला एकच ऐकायची आहे. त्या सेन्सरच्या पोटात जी चिप आहे तसलीच चिप दुसऱ्या कशात मिळाली, की काम झालं. बोटाएवढी कांडी मिळते तसली, मिक्सरच्या भांड्याच्या किमतीत. पण मागवली तर यायला पाच दिवस."

"आपल्याकडे उद्या दुपारपर्यंतच वेळ आहे."

"म्हणून तर शोध. अडगळीत, माळ्यावर, कुठेही. वायरलेसवर चालणारी घरातली जुनी वस्तू. जा."

शेवंतीने वाडीतलं एक घर सोडलं नाही. लोकांनीही हात आखडता घेतला नाही. भर दुपारी ती पिशवी फुगवून परत आली. चाचांनी एकेक वस्तू काढून बघायला सुरुवात केली, आणि प्रत्येक वस्तूला ते नकारार्थी मान हलवू लागले.

टीव्हीचा रिमोट निघाला. "हा रेडिओने बोलतच नाही, डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाने बोलतो." दारावरच्या घंटीचं बटण निघालं. "हिचा रस्ताच वेगळा, लहरी खूप लांबट." कानात घालायची बिनतारी बोंडं निघाली. "रस्ता तोच, पण भाषा दुसरी." मग एक खेळण्यातली गाडी, मग आणखी तीन रिमोट. पिशवी रिकामी झाली. शेवंतीने ती उलटी करून झटकलीसुद्धा. त्यातून फक्त वाळू पडली.

"आणखी कुणाकडे काही असेल?" चाचांनी विचारलं.

शेवंती आठवू लागली. पेडणेकरकाकूंचं पाहुण्यांसाठीचं घर होतं, दोन वर्षांपासून बंद. तिथल्या खोल्यांतले दिवे बिछान्यावर पडल्या पडल्या लावता यायचे. उशाशी चौकोनी पांढरं बटण असायचं, त्याला वायरच नव्हती. काकू मात्र फुकट काही देण्यातल्या नव्हत्या. शेवंतीने बटण मागितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझ्या आईकडची सुकट छान असते गो." शेवंतीने वाटीभर सुकट नेऊन दिली आणि बटण आणलं. कंपनीच्या यंत्राला दोन होड्यांची किंमत आणि याला वाटीभर सुकट!

चाचांनी बटणाचं झाकण उचकटलं, भिंग लावलं आणि चिपवरचे बारीक आकडे वाचले. मग ते पुन्हा एकदा ताडून बघितले.

"तीच जात," अखेर ते म्हणाले. "सेन्सरची चुलत बहीण म्हण."

मग त्यांनी चिपला चार बारीक तारा जोडल्या, त्या लॅपटॉपला लावल्या आणि चिपमधला जुना प्रोग्रॅम पुसून नवा घातला. "हिला दोन सवयी होत्या," ते काम करता करता सांगत होते. "एक, स्वतःच्या नावाचा निरोप नसेल तर तो टाकून द्यायचा. दोन, आपलं नाव आलं की उत्तर द्यायचं. मी तिला सांगितलं, कुणाचाही निरोप टाकू नकोस आणि स्वतः अवाक्षर काढू नकोस. झाला कानोसा तयार." मग ते जरा गंभीर झाले. "पण एक लक्षात ठेव. आपण दामूला विचारून, आपल्याच गावाच्या सेन्सरचं ऐकतोय. दुसऱ्याच्या घरचं असं चोरून ऐकायचं नाही. ते भिंतीला कान लावण्यासारखं आहे."

बुधवारी शेवंतीच्या बाईंनी तिला शाळेतून लवकर सोडलं. साडेअकराला ती आणि चाचा कुंपणाच्या आत, सुरूच्या झाडाच्या सावलीत बसले. कानोसा त्यांनी नऊ नंबरच्या खुंटीपासून दोन हातांवर वाळूत रोवला होता आणि त्याची लांब वायर लॅपटॉपला जोडली होती.

पडदा कोराच राहिला.

"काहीच नाही?" शेवंतीचा जीव टांगणीला लागला.

"या भाषेसाठी सोळा वाटा आहेत. त्यांना चॅनल म्हणतात. आपले सेन्सर कुठल्या वाटेने जातात ते माहीत नाही. एकेक बघू. प्रत्येक वाटेवर दोन मिनिटं तरी थांबायला हवं, कारण मध्ये ते झोपलेले असतात."

अकरावी वाट कोरी. बारावी कोरी. तेरावी, चौदावी. या वाटांचे आकडे अकरापासूनच सुरू होतात, का ते इंजिनियर लोकांनाच विचारा. शेवंती घड्याळाकडे बघत होती. गावंड मॅडम एक वाजता येणार होत्या. पंधराव्या वाटेवर मात्र पडद्यावर एकदम ओळी उमटू लागल्या.

"बघ! ही सगळी तुझी घरटी!"

"पण यात तापमान कुठे आहे? नुसते आकडे दिसताहेत."

"तापमान आत, कुलपात. निरोप गुप्त लिपीत असतो, त्याची किल्ली फक्त संग्राहकाकडे. आपल्याला ती लागणारच नाही. पोस्टमन पत्र वाचतो का? तो पाकिटावरचं वाचतो. हे बघ, पाठवणारा नऊ. घेणारा संग्राहक. निरोपाचा अनुक्रमांक अठ्ठ्याहत्तर. आणि त्याच्याखाली ही छोटीशी ओळ आहे, ती पोचपावती (निरोप मिळाला असं सांगणारा उलट निरोप). म्हणजे संग्राहक म्हणाला, मिळाला बाबा. शेवटचा आकडा आवाजाचा, किती जोरात ऐकू आलं ते."

नऊ बोलत होतं, पोचपावती येत होती. अठ्ठ्याहत्तर, मग एकोणऐंशी. शेवंतीला इतकं बरं वाटलं, की ती हसलीच. आज सगळं सुरळीत होणार बहुतेक. बाराचा भोंगा झाला तशी ती उठली. "चाचा, आलेच हां." नेहमीचं काम करून, हात फ्रॉकला पुसत ती परत आली. चाचांची नजर पडद्यावरून हलली नव्हती.

आणि मग ते सुरू झालं. अनुक्रमांक ब्याऐंशी, पोचपावती नाही. पुन्हा ब्याऐंशी. पुन्हा ब्याऐंशी. चौथ्यांदा ब्याऐंशी. मग शांतता. दोन मिनिटांनी त्र्याऐंशी, चारदा. पुन्हा शांतता.

"बोलतंय!" चाचा ओरडले. "पोरी, तुझं घरटं गप्प नाहीये! घसा कोरडा करून बोलतंय बिचारं. पोचपावती आली नाही की तोच निरोप पुन्हा पाठवायचा, असं त्याला शिकवलंय. चार वेळा हाका मारतं, मग थकून झोपतं. असंच चालू राहिलं तर बॅटरीही लवकर संपेल."

"म्हणजे संग्राहक बिघडलाय?"

"बाकीच्या अकरांना पोचपावती मिळतेय की. आणि हा आवाज बघ. इथे, दोन हातांवरसुद्धा तो एकदम खाली गेलाय. साठ पावलांवर काय पोचणार? बारा वाजून चार मिनिटांनी असं काहीतरी झालं, की त्याचा आवाज कुणीतरी मध्येच गिळला." चाचा विचारात पडले. "आमच्या जहाजावर म्हणायचे, पाणबुडीशी रेडिओने बोलणं म्हणजे महाकर्मकठीण. कारण पाणी रेडिओ लहरी गिळतं, आणि खारं पाणी तर अधाशासारखं गिळतं. पण इथे पाणी कुठलं? कडकडीत ऊन पडलंय."

शेवंतीला आधी ते नुसतंच ऐकू आलं. मग हळूहळू कळलं. तिने खुंटीकडे बघितलं. डबीवर तिची दोन गोणपाटं होती, घडी घातलेली, समुद्राच्या पाण्याने निथळणारी. शुक्रवारी एक घातलं होतं. शुक्रवारपासूनच घरटं गप्प झालं होतं.

तेवढ्यात कुंपणाचं फाटक वाजलं. गावंड मॅडम, दामूकाका आणि त्यांच्यामागे फावडं घेतलेला एक माणूस आत आला. मॅडम ठरल्या वेळेआधीच आल्या होत्या.

"आकडे?" मॅडमनी विचारलं.

"सेन्सर बोलतोय, पण संग्राहकापर्यंत पोचत नाही," चाचा म्हणाले. "बाराच्या सुमाराला काहीतरी बदलतं. काय, ते शोधायला हवं."

"आणखी किती वेळ? चाचा, मला थांबता येणार नाही."

शेवंतीच्या मनात आलं, आपण सहज उठावं, गोणपाट काढून घ्यावं. आईला हवंय म्हणावं. आकडे आपोआप सुरू होतील. कुणाला काही कळणार नाही. सगळे म्हणतील, आपोआप नीट झालं. तिने एक पाऊल टाकलंसुद्धा. पण मग चाचा उद्यापरवाही त्या बारा वाजून चार मिनिटांचा शोध घेत बसले असते; आणि पुढच्या वर्षी दुसरं कुणी पोर मायेने असंच ओलं गोणपाट घालून बसलं असतं.

"मी केलं," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता, की दामूकाकांना पुन्हा विचारावं लागलं. "ते मी केलं. गोणपाटात खारं पाणी आहे. त्यानेच आवाज गिळला. नऊ नंबर मला सांगत होतं आणि मीच त्याचं तोंड बांधत होते." आणि ती ढसाढसा रडू लागली.

दामूकाकांनी जाऊन दोन्ही गोणपाटं उचलली. त्यांचाही चेहरा उतरला होता. पाठ त्यांनीच थोपटली होती ना. चाचांनी पडद्याकडे बोट दाखवलं. अनुक्रमांक पंच्याऐंशी. एकदाच. खाली पोचपावती.

खोपटातून झारीचा गोड आवाज आला. "नऊ नंबर. छत्तीस पूर्णांक एक."

झारी तुरुतुरु निघाली. आज तिचे सहा पाय शेवंतीला फार हळू वाटले. पाण्याची बारीक फवार वाळूवर पडली, वाळूचा रंग गडद झाला. छत्तीस. मग दोन मिनिटांनी पस्तीस पूर्णांक सात. गावंड मॅडम वाळूत फतकल मारून बसल्या. त्यांच्या माणसाने फावडं कुंपणाला टेकवून ठेवलं. दर दोन मिनिटांनी आकडा यायचा आणि मधली दोन मिनिटं संपता संपायची नाहीत. पावणेतीन वाजता आकडा चौतीसवर आला.

"उकरायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "पण आत काय झालंय, ते आता घरटंच सांगेल."

गुरुवारी घरट्याने काही सांगितलं नाही. शुक्रवारीही नाही. तीन आणि सहा नंबरची पिल्लं बाहेर आली, मुलांनी आरडाओरडा केला. नऊवरची वाळू सपाटच राहिली. शेवंतीने दोन दिवस धड काही खाल्लं नाही. आईने तिला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

शनिवारी संध्याकाळी, सूर्य पाण्याला टेकायला आला असताना, नऊ नंबरची वाळू मध्येच खचली. वाटीएवढा खळगा पडला. त्यात एक काळसर नाक हललं. मग दुसरं. मग एकदम वाळू उकळावी तशी पिल्लं वर येऊ लागली, एकमेकांच्या पाठीवर चढत. शेवंतीने तोंडावर हात दाबून धरला होता. हात लावायचा नाही, उचलायचं नाही. ती आपल्या पायांनीच समुद्रापर्यंत जायला हवीत, म्हणजे मोठी झाल्यावर त्यांना हा किनारा ओळखू येतो असं शास्त्रज्ञांना वाटतं. ती फक्त मोजत गेली.

सत्त्याण्णव.

दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे मॅडमनी रिकामं घरटं उघडलं. आत सोळा होती. काही अंडी फुटलीच नव्हती, काही पिल्लं वाटेतच राहिली होती.

"ही सोळा माझ्यामुळे?" शेवंतीने विचारलं.

दस्तगीरचाचांनी तिला खोटा धीर दिला नाही. "माहीत नाही. काही अंडी प्रत्येक घरट्यात वाया जातात. यातली किती उन्हाने गेली, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. ते तुला तसंच जवळ ठेवावं लागेल. पण फावडं चाललं असतं तर किती गेली असती, याचाही हिशेब कर. तू तोंड उघडलंस म्हणून ते थांबलं."

शेवंतीने सोळांसाठी वाळूत छोटा खड्डा केला. मग वहीत तिने दुपारच्या रिकाम्या चौकटींपुढे स्वतःच्या हाताने कारण लिहिलं आणि खाली सही केली. ते पान आता वेसवडीच्या खोपटात लावलेलं आहे. सहावीत आलेल्या प्रत्येकाला आधी तेच वाचायला देतात.

आठवड्याभराने दामूकाकांचा फोन वाजला. खाडीपलीकडच्या गावातल्या कासवांच्या राखणदाराचा होता. "आमचा पाच नंबरचा सेन्सर बिघडलाय हो. तुमच्याकडे जास्तीचा आहे काय बदलायला?"

काकांनी फोन शेवंतीकडे दिला.

"त्याच्यावर काही घातलंय का?" तिने विचारलं.

"काही नाही गो. नुसता उघडा आहे. सकाळपासून बंदच पडलाय."

म्हणजे हे काहीतरी निराळं होतं. तिला त्याचं उत्तर माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्याची भीती तिला पुन्हा एकदा वाटली. पण ती भीती आता पूर्वीसारखी नव्हती. तिने उशाशी लावायचं ते पांढरं बटण, वायर आणि चाचांचा लॅपटॉप पिशवीत भरला.

"बंद पडलाय असं इतक्यात म्हणू नका काका," ती चपला पायात सरकवत म्हणाली. "मी येते. आधी तो काय म्हणतोय ते ऐकू."